ठाण्याला उतरू, पण डोंबिवलीला पोहोचणार कसे?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या अंकात बुलेट ट्रेनवर वाचकांची पत्रं अधूनमधून येतात. काही तावातावाने विरोधाची, काही त्याहून तावातावाने समर्थनाची. पण एका बाबतीत दोन्ही बाजूंचं एकमत दिसतं: ही गाडी गुजरातची आणि गुजरात्यांची. गाडी जिथे जाणार तिथे मराठी माणूस राहतच नाही, असं या सगळ्यांनी धरून चाललेलं असतं. मी बडोद्याला राहतो. आजोबा गायकवाड सरकारच्या चाकरीत म्हणून साताऱ्याकडून इकडे आले, वडिलांचं आणि माझं सगळं आयुष्य इथेच गेलं. आमच्या गल्लीत गणपतीची आरती मराठीत होते आणि वर्गणीचा हिशेब गुजरातीत. तेव्हा इथल्या एका मराठी उतारूला या गाडीबद्दल काय म्हणायचंय, तेही एकदा छापून यावं म्हणून हे पत्र.

माझी नोकरी रेल्वेच्या पी-वे खात्यात झाली. म्हणजे रूळ, स्लीपर, खडी आणि ते सांभाळणारे गँगमन, कीमन, मुकादम. उन्हातान्हात पुश ट्रॉलीवर बसून रूळ तपासत फिरलेला माणूस आहे. गाडीत बसलो की शेजारचे खिडकीतून शेतं बघतात आणि मी खाली कान लावून असतो, कुठे रुळाखालच्या खडीचं पॅकिंग ढिलं झालंय, कुठे जॉइंट वाजतोय. घरच्यांना या सवयीचा वैताग येतो. हे एवढ्यासाठी सांगितलं की माझा मुद्दा राजकारणाचा नाही. तो अगदी अरुंद आहे, एका स्थानकाएवढाच. ते स्थानक बडोद्याचं नव्हे, ठाण्याचं.

आमच्याकडे लग्नपत्रिका टाकून देत नाहीत, एका पिशवीत ठेवतात. त्या पिशवीतल्या जुन्या पत्रिकांवर कार्यालयांचे पत्ते गिरगाव, दादर, पार्ले असे आहेत. नंतरच्या पत्रिका डोंबिवली, कल्याण, बदलापूर, ऐरोली. मुंबईतल्या चाळी सुटल्या, जागांचे भाव आभाळाला भिडले आणि आमचे सगेसोयरे खाडी ओलांडून पलीकडे गेले. बडोद्याच्या मराठी घराचं मुंबईशी नातं म्हणजे आता मुख्यतः डोंबिवली-कल्याणशी नातं आहे. माझी मुलगीही तिथेच दिली आहे. बीकेसीच्या काचेच्या इमारतींत आमचं कोणी नाही. असलंच तर सकाळी कामाला जातं आणि रात्री लोकलने डोंबिवलीला परततं.

सध्या आम्ही जातो कसे ते सांगतो, म्हणजे पुढचं पटेल. बडोद्याची स्वतःची एक रात्रीची गाडी होती, वडोदरा एक्स्प्रेस. रात्री जेवून घरून निघायचं, फलाटावर उभ्या असलेल्या गाडीत निवांत सामान लावायचं आणि पहाटे मुंबई सेंट्रल. जानेवारी २०२१ मध्ये केवडियाचं नवं स्थानक सुरू झालं, तेव्हा ही गाडी तिकडे वाढवली आणि मुंबईकडचं टोक दादरला आणलं. आता ती एकता नगरहून (केवडियाचं नवं नाव) येते आणि बडोद्याला थांबून पुढे जाते. आमच्या पिढीला याचं वाईट वाटलं, अजून वाटतं. गाडी आपल्या गावातून सुटणं आणि आपल्या गावावरून जाणं यात फरक आहे, तो रात्री उशिरा फलाटावर म्हाताऱ्या माणसाला घेऊन उभं राहिलं की कळतो. पण दादरचं टोक मात्र आमच्या सोयीचं झालं, हेही कबूल केलं पाहिजे. पहाटे दादरला उतरलं की डोंबिवलीची लोकल त्या वेळी उलट्या दिशेची, बसायला जागा मिळते. दिवसाच्या गाडीने गेलं तर वसई रोडला उतरून दिवा स्थानकाकडे जाणारी मेमू लोकल धरायची आणि कोपरच्या वरच्या फलाटावर उतरायचं. तिथून डोंबिवली हाकेच्या अंतरावर. पण त्या मेमू दिवसातून मोजक्या. एक चुकली की वसईच्या फलाटावर चिवड्याचे डबे राखत बसा.

आता नव्या गाडीकडे येऊ. मुंबई ते साबरमती ५०८ किलोमीटर, १२ स्थानकं. मुंबई, ठाणे, विरार, बोईसर, वापी, बिलिमोरा, सुरत, भरुच, बडोदा, आणंद, अहमदाबाद, साबरमती. ताशी ३२० किलोमीटर वेगाने चालणार. मोजक्या थांब्यांची गाडी सगळं अंतर २ तास ७ मिनिटांत तोडणार आणि प्रत्येक स्थानकावर थांबणारी २ तास ५८ मिनिटांत, असं सांगितलं गेलंय. बडोदा ते ठाणे हे त्यातलं पावणेचारशे किलोमीटरच्या आसपासचं अंतर. थांबत थांबत जाणारी गाडी धरून साधं त्रैराशिक मांडलं तरी सव्वादोन तासांच्या आत आम्ही ठाण्याला. आजच्या चांगल्यातल्या चांगल्या गाडीलाही मुंबई सेंट्रलला पोहोचायला चार तास तरी लागतात, आणि तिथून डोंबिवली वेगळी.

हे ठाणं कुठलं, तर तलावपाळीचं आणि जांभळी नाक्याचं नव्हे. हायस्पीडचं ठाणे स्थानक दिव्याच्या बाजूला, म्हातार्डी गावाजवळ येणार आहे. मुंबईच्या लोकांनी या जागेला नाकं मुरडलेली मी वाचली आहेत, की कुठे ते ठाणं आणि कुठे हे शेतातलं स्थानक. मला मात्र नकाशा पाहिल्यावर आनंद झाला. नाव ठाण्याचं असलं तरी स्थानक आमच्या डोंबिवलीच्या दाराशी आहे. आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे ते दिव्याजवळ आहे. दिव्याहून रूळ फुटतात ते तीन बाजूंना: एक कल्याणकडे, एक वसईकडे आणि एक पनवेलकडे. पनवेलकडचा फाटा म्हणजे कोकण रेल्वे. सावंतवाडीची पॅसेंजर दिव्याहूनच सुटते.

बडोद्यात कोकणातली घरं कमी नाहीत. गणपतीला गावी जायचं म्हणजे इथून सुटणाऱ्या खास गाड्यांच्या आरक्षणासाठी घरातल्या सगळ्या मोबाइलवर एकाच वेळी बोटं चालतात, आणि पहिल्या काही मिनिटांत खेळ खलास. बुलेट ट्रेन आणि दिवा यांची नीट गाठ घातली तर हाच माणूस पहाटे बडोद्याहून निघून सकाळी दिव्याला कोकणच्या गाडीत बसलेला असेल. या एका गोष्टीवर कोणी बोलताना मला आढळलं नाही. मुंबई-अहमदाबाद, मुंबई-अहमदाबाद असाच जप चाललेला असतो, मधल्या स्थानकांवर जणू फक्त हिरवे झेंडे दाखवणारी माणसं उभी राहणार आहेत.

गाठ घालणं म्हणजे काय, ते जरा सविस्तर लिहितो, कारण आम्ही बडोदेकर या विषयात जुने पापी आहोत. १८६२ मध्ये खंडेराव महाराजांनी डभोई ते मियागाम अशी अरुंद रुळांची लाइन टाकली. सुरुवातीला तिच्यावरचे डबे बैल ओढत. इंजिनं आणली, पण ती पेलतील असे रूळ नव्हते, म्हणून इंजिनांची नियमित वाहतूक १८७३ पासून सुरू झाली. देशातली ही पहिली नॅरोगेज. पुढे सयाजीराव महाराजांच्या काळात तिचं जाळं वाढलं आणि डभोई हे नॅरोगेजचं मोठं जंक्शन झालं. माझ्या नोकरीतली काही वर्षं याच रुळांवर गेली. ती गाडी हळू होती, चालत्या गाडीतून उतरून पुढच्या डब्यात चढणारी पोरं मी पाहिली आहेत, पण गावोगाव पोहोचणारी होती.

नॅरोगेजचे रूळ एकमेकांपासून ७६२ मिलिमीटर. मोठ्या लाइनचे १,६७६. त्यामुळे मियागामला आलेला छोटा डबा मुंबईच्या लाइनवर चढवणं शक्यच नव्हतं. माल उतरवा, हमालांच्या डोक्यावरून पलीकडच्या डब्यात भरा. माणसांनीही तेच करायचं, पोरंबाळं आणि ट्रंका घेऊन. गाडी किती का जोरात आणा, खरा वेळ त्या दोन फलाटांच्या मधे जायचा. आम्हा रेल्वेवाल्यांत हे सगळ्यांना ठाऊक असतं की प्रवासाचा वेग लाइनवर ठरत नाही, जंक्शनवर ठरतो.

बुलेट ट्रेनचा गेज १,४३५ मिलिमीटरचा. म्हणजे ती आपल्या जुन्या रुळांवर कधीही येऊ शकणार नाही आणि जुनी गाडी तिच्या रुळांवर जाऊ शकणार नाही. देशातल्या सगळ्यात आधुनिक गाडीने आम्हाला पुन्हा मियागामच्या फलाटावर आणून उभं केलंय. यात वाईट काही नाही, जपानमध्येही शिंकान्सेनचा गेज जुन्या रेल्वेपेक्षा वेगळाच आहे. पण मग दोन फलाटांच्या मधली वाट पहिल्या दिवसापासून आखलेली हवी.

बडोद्यात ती आखलेली आहे, म्हणूनच ठाण्याची काळजी वाटते. बडोद्याचं हायस्पीड स्थानक जुन्या स्थानकाला चिकटून, अलकापुरीच्या अंगाला उभं राहतंय. वडाच्या झाडाच्या आकारावरून बेतलेलं त्याचं छत. पुढे अहमदाबादला तर कालूपूरच्या फलाटांवरच स्थानक येतंय आणि साबरमतीला सगळ्या वाहनांसाठी मिळून एक वेगळी इमारत बांधली आहे. म्हणजे हे काम करणाऱ्यांना जुनं-नवं जोडता येतं. उलट सुरतेचं स्थानक शहराबाहेर अंत्रोलीला गेलं, आणंदचं उत्तरसंड्याकडे. हिरे व्यापाऱ्याची मोटार स्थानकाच्या दाराशी उभी असेल, तो अंत्रोलीहून घरी जाईल. आमच्यासारख्या माणसाला म्हातार्डीला उतरल्यावर रिक्षा शोधायची आहे, आणि ती रिक्षा कल्याण-शीळ रस्त्याला लागणार आहे. ज्यांनी पलाव्याच्या चौकात संध्याकाळी एकदा अडकून पाहिलंय त्यांना मी जास्त काही सांगायला नको. बडोद्याहून ठाण्याला येताना वाचवलेले दोन तास त्या चौकात परत द्यायचे, असा हा व्यवहार होईल.

कोणी म्हणेल, ठाण्याचं नियोजन चाललेलंच आहे. चाललंय, मला माहीत आहे. जपानच्या ज्या जायका संस्थेने या प्रकल्पाला कर्ज दिलंय, तिच्याच साहाय्याने चार स्थानकांच्या परिसराचा विकास आखला जातोय: साबरमती, सुरत, विरार आणि ठाणे. पण स्थानक-परिसर-विकास म्हटलं की आपल्याकडे पहिल्यांदा डोळ्यांसमोर टॉवर येतात. आजूबाजूच्या जमिनींचे भाव वाढतात, जाहिरातींत 'बुलेट ट्रेन स्थानकापासून पाच मिनिटांवर' असं छापून येतं, आणि लोकलच्या फलाटावर जाणारा झाकलेला पूल मात्र पुढच्या टप्प्यात ढकलला जातो. मला टॉवरशी वैर नाही. आधी पूल बांधा, एवढंच म्हणणं आहे.

बांधकामाबद्दल पी-वेवाल्याने दोन शब्द न लिहिणं म्हणजे हलवायाने मिठाईच्या दुकानासमोरून मान खाली घालून जाण्यासारखं होईल. आमच्या वेळी साधा गर्डर बदलायचा तर महिनाभर आधीपासून ब्लॉक मागायचा, क्रेन आणायची, गाड्या अडवायच्या आणि साहेबांनी घड्याळ बघत उभं राहायचं. इथे ४० मीटर लांबीचा, ९७० टनांचा अख्खा बॉक्स गर्डर यार्डात ओततात, आधी बांधून झालेल्या पुलावरूनच चाकांच्या राक्षसी गाडीने पुढे नेतात आणि लाँचिंग गँट्रीने दोन खांबांवर अलगद ठेवून देतात. करजणकडे जाताना पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मी नातवाला हाताला धरून तासभर उन्हात उभा होतो. नातवाला कंटाळा आला, मला नाही. अजून वेगळं म्हणजे या रुळांखाली खडीच नाही. काँक्रीटच्या थरावर सुमारे पाच मीटर लांबीच्या आणि जवळजवळ चार टनांच्या तयार लाद्या बसवायच्या, त्यांच्याखाली सिमेंट आणि डांबराचं मिश्रण ओतायचं आणि लाद्यांवर रूळ घट्ट करायचे. जपानहून येणारे २५ मीटरचे रूळ जोडून २०० मीटरचे तुकडे करतात. खडी नाही म्हणजे पॅकिंग नाही, पॅकिंग नाही म्हणजे आमचं निम्मं खातंच नाही. आमच्या बडोद्याच्या लालबागेतल्या रेल्वे अकादमीच्या आवारात, प्रतापविलास राजवाड्याच्या परिसरात, या लाइनवर काम करणाऱ्यांसाठी हायस्पीडची प्रशिक्षण संस्था उभी राहिली आहे. निवृत्त झालो नसतो तर विद्यार्थी म्हणून नाव घातलं असतं.

आणखी एक गोष्ट महाराष्ट्रातल्या वाचकांना सांगण्यासारखी आहे. या लाइनसाठी २८ भूकंपमापक यंत्रं बसवली जाणार आहेत. त्यांतली २२ लाइनच्या काठाने. उरलेली सहा मुद्दाम लांब, जिथे पूर्वी मोठे धक्के बसले आहेत अशा टापूंत. कच्छमध्ये जुनं भुज आणि अडेसर. महाराष्ट्रात खेड, रत्नागिरी, लातूर आणि पांगरी. जमिनीची पहिली हलकी लहर यंत्राला कळली की वीज आपोआप तुटते आणि धावत्या गाड्यांना ब्रेक लागतात. म्हणजे ही गाडी गुजरातच्या हद्दीत धावत असतानाही तिचा एक पहारेकरी लातुरात बसलेला असेल. 'गाडी त्यांची' म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

बडोदेकरांना त्रास झाला का? झाला. स्थानकाच्या आसपास वाहतूक सारखी वळवली जाते, धूळ आहे, रात्रीचे आवाज आहेत. अलकापुरीच्या गरनाळ्यात, म्हणजे रुळांखालच्या रस्त्यात, पावसात पाणी भरतं ते मात्र बुलेट ट्रेनच्या आधीपासून भरतंय, त्याचं खापर तिच्यावर फोडू नये. विश्वामित्रीची काळजी वेगळी. नदी शहरात नागमोडी फिरते, त्यामुळे ही लाइन ती एकदाच ओलांडत नाही, पुन्हा पुन्हा ओलांडते. शहराजवळचा ८० मीटरचा पूल बांधून झालाय. ऑगस्ट २०२४ चा पूर ज्यांनी पाहिला, घरात कमरेएवढं पाणी आणि रस्त्यावर मगर, ते आता नदीत कुठलाही खांब पाहिला तरी दचकतात. पुलाच्या खांबांपेक्षा धोका असतो तो काम करताना पात्रात घातलेल्या भरावाचा. काम संपलं की तो शेवटच्या टोपलीपर्यंत बाहेर काढायचा, हा आमच्या खात्यातला जुना दंडक होता. इथे तो पाळला जातोय का हे पावसाळ्याआधी कोणीतरी नदीकाठी चालत जाऊन बघायला हवं. कार्यालयात बसून फोटो बघून हे कळत नाही.

पैशांचा वाद मी टाळतो. एक लाख आठ हजार कोटींचा मूळ अंदाज, त्यात जपानचं ८१ टक्के कर्ज, ०.१ टक्का व्याज, ५० वर्षांची फेड. हे आकडे सगळ्यांना पाठ झालेत आणि प्रत्येक जण त्यातून आपल्याला हवं ते गणित काढतो. माझ्या नातवाने फेडायचं कर्ज आहे, तो बघून घेईल.

पालघरच्या लोकांविषयी मात्र लिहिल्याशिवाय राहवत नाही. जमिनी द्यायला विरोध केला म्हणून त्यांना विकासाचे शत्रू म्हणणारी पत्रं आपल्याच अंकात वाचली. रेल्वे जमीन घेते तेव्हा नकाशावर ती एक पट्टी असते. उन्नत मार्गाला साडेसतरा मीटर रुंदी पुरते, हे खरं आहे, आणि खांबांखालून ये-जा राहते, हेही खरं. पण त्या पट्टीत कोणाची विहीर येते, कोणाचं वाडवडिलांचं शेत दुभंगतं. रुळांच्या कडेच्या गावांत मी आयुष्य काढलंय. जमीन गेलेल्या माणसाशी मोबदल्याचं बोलता येतं, त्याच्या विहिरीचं बोलता येत नाही. त्यांनी भांडून घेतलं ते बरोबर केलं.

त्या भांडणांमुळे, सरकारं बदलल्यामुळे आणि मुंबईकडचं काम मुळातच अवघड असल्यामुळे महाराष्ट्रातला भाग मागे पडला. १४ सप्टेंबर २०१७ ला साबरमतीला भूमिपूजन झालं, तेव्हा १५ ऑगस्ट २०२२ चं नाव घेतलं जात होतं. प्रकल्पाची सगळी जमीन हाती आली तीच जानेवारी २०२४ मध्ये. आता रेल्वेमंत्र्यांनी १५ ऑगस्ट २०२७ सांगितलंय, तेही आधी सुरत ते बिलिमोरा एवढ्या तुकड्यासाठी. मग दोन्ही बाजूंना थोडं थोडं वाढवत न्यायचं. ठाणे आणि मुंबई सगळ्यांत शेवटी. बीकेसी ते शीळफाटा हा २१ किलोमीटरचा बोगदा, त्यातला ७ किलोमीटर ठाण्याच्या खाडीखालून. घणसोली ते शीळफाटा हा जवळजवळ ५ किलोमीटरचा तुकडा सुरुंग लावून खोदला, तो सप्टेंबर २०२५ मध्ये आरपार झाला. उरलेले १६ किलोमीटर यंत्राने कोरायचे आहेत. घाई करण्याची ही जागा नाही. आम्हा बडोदेकरांच्या नशिबी आधी अहमदाबादला जाणं आहे, जिथे आम्ही आजही एक्स्प्रेस हायवेने दीड-दोन तासांत जातो आणि आम्हाला बुलेट ट्रेनची गरजच नाही. माहेरची वाट शेवटी उघडणार.

पण हा उशीरच ठाण्याच्या कामी यावा, असं मला वाटतं. बडोद्याची सुरुवात आधी झाली, जुन्या स्थानकाशी मिळवून घेताना इंजिनियर लोकांची दमछाक झाली असणार. म्हातार्डीला अजून हात मोकळे आहेत. शीळफाट्यापासून गुजरातच्या सीमेवरच्या झरोळीपर्यंतचा १३५ किलोमीटरचा उन्नत मार्ग आणि त्यावरची ठाणे, विरार, बोईसर ही स्थानकं यांचं काम आत्ता कुठे रंगात येतंय. याच वेळी मध्य रेल्वेने दिव्याच्या बाजूला हात पुढे करायला हवा. हायस्पीडच्या फलाटावरून उतरलेला उतारू रस्त्यावर न येता, सरकत्या जिन्याने आणि झाकलेल्या पुलावरून थेट लोकलच्या फलाटावर जायला हवा. त्यासाठी नवा थांबा लागत असेल तर तो बांधावा. कल्याणच्या बाजूला बांधायचा की पनवेलच्या, हे मध्य रेल्वेच्या ऑपरेटिंगवाल्यांनी ठरवावं, मी त्यांच्या प्रांतात शिरत नाही. फक्त दिव्याच्या फाटकाने लोकलचा जसा जीव खाल्ला, तसं नवं फाटक निर्माण करू नये. वसई-दिवा मार्गावरच्या मेमू वाढवाव्यात, म्हणजे भिवंडीकरांनाही या स्थानकाचा उपयोग होईल. आणि कोकणच्या निदान दोन-तीन गाड्यांच्या वेळा बुलेट ट्रेनच्या वेळांशी जुळवाव्यात.

वेळापत्रकाचा मुद्दा फार बारीक वाटेल, पण तिथेच फसगत होते. मोजक्या थांब्यांच्या जलद गाड्या ठरवताना ठाणं वगळण्याचा मोह होईल. मुंबई इतकी जवळ, मग थांबायचं कशाला? असा हिशेब दिल्लीत बसून होऊ शकतो. कोणी तसं सुचवलं तर त्याला आमच्या पिशवीतल्या लग्नपत्रिका दाखवाव्यात. रात्रीच्या शेवटच्या गाडीचंही बघायला हवं. ती ठाण्याला पोहोचेल तेव्हा कल्याणकडची लोकल चालू असली पाहिजे, नाहीतर म्हातारा-म्हातारी सामान घेऊन म्हातार्डीच्या स्थानकात मुक्कामाला. आणि सामानाचा विचार करताना विमानतळावरची चाकांची बॅग डोळ्यांपुढे ठेवू नये. बडोद्याहून माहेरी जाणाऱ्या बाईच्या हातात लिलो चेवडो, भाकरवडी, लोणच्याची बरणी आणि एखादं पोर असतं. लिफ्ट तेवढी मोठी हवी.

मध्य रेल्वे, हायस्पीड रेल्वे महामंडळ आणि ठाणे महापालिका यांनी मिळून एक साधा नकाशा वर्तमानपत्रांत छापावा, अशी माझी मागणी आहे. ठाण्याला उतरलेला माणूस कुठून बाहेर पडेल, किती मिनिटं चालेल आणि कोणत्या फलाटावरून डोंबिवली, पनवेल, भिवंडीची गाडी धरेल, एवढंच त्यावर असावं. झाडं, कारंजी आणि हसणारी माणसं असलेली रंगीत चित्रं आम्ही भरपूर पाहिली. डोंबिवली-दिव्याच्या वाचकांनीही आपापल्या नगरसेवकांना हा नकाशा मागावा, कारण आम्ही बडोद्याचे मतदार, आमचं तिकडे कोणी ऐकणार नाही.

पत्र लांबलं आहे. जागेअभावी कापायचं झालं तर खडीचा आणि गर्डरचा मजकूर बेलाशक कापा, तो माझ्या हौसेचा आहे. शीळ रस्त्याचा आणि कोकणच्या गाडीचा तेवढा ठेवा.

आपला,
एक निवृत्त रेल्वे कर्मचारी,
दांडिया बाजार, बडोदा
(नाव छापू नये. मुलीच्या सासरी आपलाच पेपर येतो.)